चाळीस मिनिटांची वही

दोन ऑक्टोबर, गेल्या वर्षीची ग्रामसभा. रक्कम दहा हजार रुपये, म्हणजे गाव आरोग्य समितीचा वर्षाचा निधी. हजर: उपसरपंच, ग्रामसेवक, समितीचा सदस्य म्हणून मी, आणि देवळासमोर बसलेले गावकरी. रजिस्टरवर एकशे बारा सह्या झाल्या. माणसं एकतीस होती. मी मोजली होती.

चर्चा पाच मिनिटं झाली. उपसरपंच म्हणाले, "गावात शुगरचं पेशंट लय वाढल्यात. फ्लेक्स लावू. जनजागृती व्हईल." चार फ्लेक्सचे सात हजार सहाशे, आणि उद्घाटनाचा चहा, वडापाव, हार, नारळ मिळून दोन हजार चारशे. बेरीज दहा हजार. फौजेत मी वीस वर्षं क्लार्क होतो. बिलं तपासली, बेरीज तपासली, सही केली. एका रुपयाचा घोळ नव्हता. त्या सहीची आज मला जितकी चीड येते, तितकी कुठल्या चुकलेल्या हिशेबाची कधी आली नाही.

फ्लेक्सवर लिहिलं होतं, 'रोज चाळीस मिनिटे चाला, मधुमेहाला दूर ठेवा.' खाली पांढऱ्या बुटातलं एक जोडपं बागेतून हसत चाललेलं. वर उपसरपंचांचा फोटो, जोडप्यापेक्षा मोठा. उंब्रजला जाणारा रस्ता जिथं गावाला लागतो, त्या फाट्यावर पहिला फ्लेक्स लागला.

नोव्हेंबरात बायकोला चक्कर आली म्हणून कराडला नेलं. तीन महिन्यांची सरासरी साखर निघाली नऊ पॉइंट चार. डॉक्टर म्हणाले, गोळ्या घ्या, गोड बंद, आणि रोज चाळीस मिनिटं चाला. घरी येताच मी वही आखली. तारीख, वार, किती मिनिटं चालली, काय खाल्लं. महिनाअखेर बघायचो तेव्हा ती भरलेली दिसायची. चाळीस, चाळीस, चाळीस. मला समाधान वाटायचं. वही बरोबर असली की काम बरोबर चाललंय, अशी माझी समजूत होती.

फेब्रुवारीत रिपोर्ट आला नऊ पॉइंट आठ. डॉक्टरांनी गोळी वाढवली आणि सांगितलं, ऑगस्टपर्यंत बघू, तोवर नऊच्या खाली आली नाही तर इन्सुलिनची सुई. तिच्या आईचा डावा पाय याच दुखण्यात गेला होता. सुई हा शब्द ऐकल्यावर ती परतीच्या वाटेवर आपला डावा पाय चोळत बसली. मी मात्र बोलत होतो. चोरून गोड खातेस, चहात साखर घालतेस, शेजारणीकडं जाऊन खातेस. उंब्रज येईपर्यंत मी तिला आरोपी करून टाकलं होतं.

घरी आल्यावर वही काढली. सगळ्या पानांवर एकच पेन, एकच दाब, अक्षर कुठं घाईचं नाही की थकलेलं नाही. एका बैठकीत भरलेलं रजिस्टर मी शंभर पावलांवरून ओळखतो. त्यात पंधरा डिसेंबरची ओळ सापडली. त्या दिवशी आम्ही पहाटे पाचच्या गाडीनं सांगलीला लग्नाला गेलो होतो आणि रात्री परतलो होतो. तिथंही चाळीस.

"हे काय?" मी वही तिच्यापुढं टाकली.

ती भाकऱ्या करत होती. तवा उतरवला, हात पुसले. "खोटं हाय."

"किती दिवसांचं?"

"समदंच. आठ दिवस चालले असंन. फुडं न्हाई."

"आणि मला फसवत होतीस?"

"तुमी मला वही दिली," ती म्हणाली. "मला वही नगं हुती. माझं म्हायार शिराळ्याचं. डोंगर चढून साळंत जायची मी. चालाय येतंय मला. जागा दावा. उद्या पाटं तुमीच चला माज्या संगट."

पहाटे साडेपाचला निघालो. तिनं शेजारच्या पोराचे जुने बूट घातले होते. फाट्यावरच्या टपरीपाशी दोघेतिघे शेकत बसले होते. एक ओरडला, "वैनी, भरतीला चाललाय काय? छाती मोजून घ्या आधी!" मी मागून उजेडात आलो तेव्हा वरमला. "तात्या, तुमी हाय व्हय, दिसला न्हाई."

"त्या आठ दिसांतबी रोज म्हणत हुती," ती खाली बघत म्हणाली.

गळिताचा हंगाम. कारखान्याकडं उसाचे ट्रॅक्टर चाललेले, एकाला दोन दोन ट्रॉल्या. कर्ण्यावर गाणी, पुढं एकच दिवा, मागं रिफ्लेक्टर नाही. डांबराच्या कडेला वीतभर खाच, तिच्याखाली चर, चरात काचा आणि घाण. ट्रॅक्टर आला की चरात उतरायचं, गेला की वर यायचं. मी घड्याळ लावलं होतं. चाळीस मिनिटांत तेवीस ट्रॅक्टर गेले. आम्ही अकरा मिनिटं चाललो, बाकीचा वेळ चरात उभे होतो. एका ट्रॉलीतून बाहेर आलेल्या वाढ्यांनी, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या पात्यांनी, तिच्या गालावर ओरखडा काढला. समोर माझ्या सहीचा फ्लेक्स होता. पांढऱ्या बुटातलं जोडपं हसत होतं.

मार्चमध्ये समिती सदस्यांचं साताऱ्याला प्रशिक्षण होतं. एरवी मी कंटाळतो, पण त्या दिवशी शिकवणारी तरुण डॉक्टर सरळ बोलणारी होती. ती म्हणाली, औषधं यायच्या आधीच शहरांतली पुष्कळ रोगराई गटारं बांधून आणि स्वच्छ पाणी देऊन हटली होती. पुढं दवाखाने वाढले आणि आरोग्य म्हणजे दवाखाना अशी समजूत झाली. एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरला सोव्हिएत मुलखातल्या अल्माअटा इथं देशोदेशीच्या लोकांनी ठरवलं की प्राथमिक आरोग्यसेवा सगळ्यांना मिळाली पाहिजे. शहाऐंशीला कॅनडातल्या ओटावात सनद झाली. तिचा गाभा असा, की माणूस जिथं राहतो, राबतो, शिकतो, तिथंच आरोग्य घडतं, आणि त्यावर त्याचा स्वतःचा ताबा वाढला पाहिजे. त्यासाठी पाच कामं सांगितली: धोरणं आरोग्याला धरून करायची, भोवतालची परिस्थिती सोयीची करायची, गावाला एकत्र करून बळ द्यायचं, माणसाला माहिती आणि कौशल्य द्यायचं, आणि दवाखान्यांचं तोंड उपचाराकडून आजार टाळण्याकडं वळवायचं.

मी वहीत पाच रकाने आखले. हात वर करून विचारलं, "बाई, फ्लेक्स कुठल्या रकान्यात बसतो?"

"चौथ्यात. तोही अर्धाच," ती म्हणाली. "आपण चौथं काम उचललं, कारण ते स्वस्त आहे आणि त्यात कुणाला दुखवावं लागत नाही. मग माणूस आजारी पडला की म्हणायचं, सांगितलं होतं, ऐकलं नाही."

माझ्या कानशिलात मारल्यासारखं झालं. मी नेमकं तेच म्हणालो होतो, कराड ते उंब्रज.

गावात चालायला जागा आहे. पाटाच्या कडेनं दीड किलोमीटर मातीची वाट, सरकारी जमीन, सावली, वाहन नाही. फक्त मधे वेडी बाभूळ माजलेली, आणि एका ठिकाणी तार ओढून दोन ओळी ऊस लावलेला. तो ऊस उपसरपंचांचा. पूर्ण गावाला माहीत होतं. मलाही. दोन ऑक्टोबरला चालण्याचा फ्लेक्स सुचवणारा माणूस चालायची वाट अडवून बसला होता, आणि त्याच्या बिलावर मी सही करत होतो.

एक मेच्या ग्रामसभेला बायकोनं घरोघर जाऊन बायका आणल्या. एक्केचाळीस आल्या, आणि सह्याही एक्केचाळीसच झाल्या. पाटाकडची वाट आरोग्य निधीतून मोकळी करायची, असा विषय मी मांडला. उपसरपंच हसले. "तात्या, पाट पाण्यासाठी आस्तोय. बायकांस्नी फिराय न्हाई."

मागून बायको उठली. "आवं भावजी, मग ऊस लावाय आस्तोय व्हय?"

आधी बायका हसल्या, मग पुरुषही हसले. उपसरपंचांचं तोंड लाल झालं. "खोडवा हाय त्यो. तोडलेल्या बुडख्यास्नी नवा फुटवा आलाय आता. नुकसान कोन दील?"

"आमच्या पायांचं नुकसान कोन देतंय?" ती म्हणाली. "माज्या आईचा पाय गेला."



ग्रामसेवक कागद चाळत म्हणाले, वाट साफ करणं आरोग्यात बसत नाही, ऑडिटला काय दाखवू? मी सातारचं टिपण आणि निधीचं परिपत्रक पुढं ठेवलं. निधी गावाच्या गरजेप्रमाणे वापरावा, असं त्यात स्पष्ट होतं. "फ्लेक्स बसला, तर वाट का बसत नाही?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता, आणि मला त्याची लाज वाटली नाही. ठराव झाला. ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावावेत असं पत्र कारखान्याला पाठवायचंही ठरलं. पत्र मीच लिहिलं. उत्तर अजून नाही.

पण उपसरपंच तार काढेनात. अतिक्रमणाचा अर्ज दिला तर मोजणी, नोटीस, सुनावणी. ग्रामसेवक म्हणाले, वर्ष जाईल. माझ्याकडं वर्ष नव्हतं. माझ्याकडं ऑगस्टपर्यंतचे दिवस होते, आणि ते मी मोजत होतो.

दहा मेला वाट मोकळी झाली. आता पहाटे पंधरा-वीस बायका पाटावर असतात. टपरीवरून कुणी काही म्हणत नाही, कारण टपरी तिथं नाही. ऑगस्टचा रिपोर्ट आठ पॉइंट तीन आला. सुई टळली. वही मी बंद केली आहे.

शेवटी दिलेले पैसे असे. बाभळी काढून वाट सपाट करायला जेसीबीवाल्याला साडेपाच हजार, नव्या वर्षाच्या आरोग्य निधीतून, पावतीसह. आणि सरकारी जमिनीवर लावलेल्या दोन ओळी खोडव्याची भरपाई म्हणून उपसरपंचांना तीन हजार, माझ्या पेन्शनमधून, रोख. पावती मागितली. दिली नाही.