वाचनापाशी थांबलेले नाटक

धान निसवायला लागले की मी नव्या नाटकांची शिफारस लिहायला घेतो. जिल्हा पुरवणीत ती दिवाळीच्या आधी छापून येते. दिवाळीनंतर गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते, मंडईला नाटक होते, आणि कोणते नाटक करायचे हे मंडळांना तोवर ठरवायचे असते. बहुतेक मंडळे वडशाच्या नाटक कंपन्यांकडे जातात. काही गावे मात्र अजून आपल्याच माणसांचे नाटक बसवतात. माझी शिफारस या गावांसाठी असते. तिच्यात मत कमी आणि माहिती जास्त असते: पात्रे किती, बायकांच्या भूमिका किती, पडदे किती, गाणी आहेत की नाहीत. ही सवय बातमीदारीतून आली आहे.

नवी नाटके लिहिली जात नाहीत असे म्हणतात. ते खरे नाही. लिहिली जातात आणि पडून राहतात. मंडळांना नाव ओळखीचे लागते. अनोळखी लेखकाचे नाटक कोणी वाचून पाहत नाही. ज्या वर्षाबद्दल मी लिहीत आहे, त्या वर्षी माझ्याकडे आलेल्यांपैकी तीन नाटके रंगमंचावर यायला हवीत असे मला वाटले. एक होते पटसंख्या कमी झाली म्हणून शाळा बंद करायला आलेल्या अधिकाऱ्याचे. दुसरे बोडीतल्या, म्हणजे लहान तळ्यातल्या, मासळीवरून भांडणाऱ्या दोन बहिणींचे. ही दोन्ही पुढे झाली आणि बरी चालली. तिसरे मी सर्वांत वर ठेवले होते.

ते लिहिणाऱ्या बाईचे साकोलीत झेरॉक्सचे दुकान आहे. कंपन्यांच्या लेखकांची हस्तलिखिते टाइप करून देणे हेही तिचे काम. इतरांची नाटके टाइप करता करता तिने स्वतःचे लिहिले. माझ्यासमोर प्रत ठेवताना तिने एवढेच सांगितले, "पुस्तक नाही काढाचं मले. हे उभं राहिलेलं पाहाचं आहे, सर. जसं लिवलं तसं. एक डाव."

नाटकात एक घर आहे आणि एक संध्याकाळ. घरातला माणूस बांधीतले, म्हणजे धानाच्या खाचरातले, पाणी पाहायला गेला आहे, अजून परतलेला नाही. त्याची बायको दाराशी बसली आहे. एकेक शेजारी येतो आणि तिला धीर देतो. एक म्हणतो बाजारात थांबला असेल, एक म्हणतो पाहुण्याकडे गेला असेल. प्रत्येकाचे कारण वेगळे, आणि कोणीही उठून शोधायला जात नाही. हळूहळू प्रेक्षकांच्या लक्षात येते की आलेल्या सगळ्यांना माहीत आहे. रानडुकरांसाठी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, तार लावली होती, तारेत करंट होता. मेलेला माणूस दिसत नाही, तारही दिसत नाही. फक्त शेजारी येत राहतात आणि चहा पीत राहतात.

या भागात हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. जंगलातून डुकरे उतरतात, एका रात्रीत उभे धान लोळवतात. कोणीतरी दिवस मावळताना उघडी तार ओढतो, तिच्यात करंट सोडतो, उजाडायच्या आत काढून घेतो. कायद्याने गुन्हा आहे. कधी डुक्कर मरते, कधी गाय, कधी माणूस. तार लावणारा वैरी नसतो. तो शेजारी असतो, बऱ्याचदा भाऊबंद असतो. मग काय सांगायचे हे गाव ठरवते. आमच्या कार्यालयात अशा वेळी येणाऱ्या फोनवर एकच कारण सांगितले जाई, सर्पदंश. चार ओळींची बातमी होई.

शिफारस छापून आल्यावर सानगडीच्या बाजूच्या एका गावातून मंडळाच्या अध्यक्षाचा फोन आला. गावाचे नाव मी देत नाही.

"सर, तुमी लिवलं का एकच घर, एकच पडदा. आमाले तेच पाह्यजे. मागच्या साली राजवाड्याचा पडदा मधातूनच फाटला, राजा उघडा पडला."

मी विचारले, विषय वाचला का.

"वाचला न. डुकराचा आहे. लोकं हासतीन."

प्रत मागवून घेतली, पण ती वाचली कोणी नाही. त्या गावात तशी पद्धत नव्हती. तिथे नाटक आधी सर्वांसमोर मोठ्याने वाचले जाई, मग भूमिका वाटल्या जात, आणि तालमीत ज्याने त्याने आपल्या पदरची भर घालायची. ज्या भरीला लोक हसले किंवा गप्प झाले, ती नाटकात राहायची. "कापड लेखकाचं, शिवणार आमी," असे अध्यक्ष म्हणाला. लेखिकेने हे मान्य केले होते. प्रसंग तोच राहिला आणि शेवट तोच राहिला तर बोलण्यात भर पडायला तिची हरकत नव्हती.

वाचन मारुतीच्या सभामंडपात दुपारी झाले. मी आणि लेखिका खांबाला टेकून बसलो होतो. विषय डुकराचा असला तरी हसण्याचा नाही, हे मंडपाला पहिल्या प्रवेशातच कळले असावे. वाचन संपल्यावर अध्यक्षाने उपरणे झटकले आणि म्हणाला, "लिवलं तं चांगलं आहे." पडद्याची चौकट तयार करायला सांगून झाले होते, गावात नाटकाचा बोभाटाही झाला होता. सगळ्यांसमोर नाही म्हणायचे तर कारण द्यावे लागले असते. भूमिका वाटल्या गेल्या.

पहिला शेजारी किराणा दुकानदाराला मिळाला, दुसरा एका काळीपिवळीच्या ड्रायव्हरला. तिसरा शेजारी एका शेतकऱ्याला दिला. तो दरवर्षी शिपाई होत असे आणि त्याच्या वाट्याला कधी दोनपेक्षा जास्त वाक्ये आली नव्हती. बायकोच्या भूमिकेसाठी नटी वडशाहून येणार होती, आणि अशा नट्या प्रयोगाच्या दिवशीच येतात. तोपर्यंत तिच्या जागी प्लास्टिकची खुर्ची ठेवली. तिची वाक्ये प्रॉम्प्टर बसल्या जागेवरून वाचत असे. येणारा प्रत्येक जण रिकाम्या खुर्चीला धीर देत होता.

सुरुवातीच्या तालमी हसतखेळत झाल्या. दुकानदार खुर्चीला म्हणाला, "वयनी, तो अड्याळच्या बाजारात गेला असन. तिथं भजे चांगले भेटते." हे त्याच्या पदरचे.

ड्रायव्हर लगेच बोलला, "तू का भज्याचा एजंट आहेस का गा?"

"तुह्या गाडीत बसून गेला असन तं पोचलाच नसन अजून."

मंडप हसला. लेखिकाही हसली. दोन्ही वाक्ये ठेवायची ठरली.

त्यानंतरच्या रविवारी मी पुन्हा गेलो. तिसऱ्या शेजाऱ्याचा प्रवेश चालू होता. लिहिलेले वाक्य होते, "वहिनी, वाट पाहा. येईल." शिपाई होणारा शेतकरी खुर्चीसमोर उभा राहिला, ते वाक्य म्हणाला आणि थांबला. मग आणखी एक वाक्य म्हणाला.

"टॉर्च तं चालूच होती."

पुढचे वाक्य दुकानदाराचे होते. प्रॉम्प्टरने ते दिले, पुन्हा दिले. दुकानदार खाली पाहत होता.

लेखिकेने विचारले, "भाऊ, टॉर्च कुठून आली?"

"असंच. तोंडात आलं."

"चांगलं आहे. ठेवा," अध्यक्ष म्हणाला. सवयीने म्हणाला असावा, कारण म्हणून झाल्यावर त्याने मान वळवून मागे पाहिले. मागे बायका बसल्या होत्या. त्यांच्यातली एक उभी राहिली होती. पदर डोक्यावर होता, आवाज चढलेला नव्हता.

"टॉर्च कोनापाशी आहे आता?"

अध्यक्षाने मान पुन्हा पुढे वळवली. ती थोडा वेळ तशीच उभी राहिली आणि मग घरी गेली. "चहा घ्या," असे कोणीतरी म्हणाले आणि तालीम तिथेच संपली.

ती कोण, हे मला गावाबाहेरच्या टपरीवर ड्रायव्हरने सांगितले. काही वर्षांपूर्वी तिचा नवरा पाणी पाहायला म्हणून बांधीकडे गेला आणि धुऱ्यावर मेलेला सापडला. साप चावला असे ठरले. तिचा भाऊ पोचायच्या आत सरण पेटले होते. त्याच्याजवळची टॉर्च नवी होती. ती तिने तेव्हाही मागितली होती. बोडीत पडली असेल असे तिला सांगण्यात आले होते.

"लेखिकेला हे माहीत नव्हतं," मी म्हणालो.

"ठाऊक आहे," ड्रायव्हर म्हणाला. "तिले कोनं सांगन? आमी आपसातबी नाही बोलत."

दुसऱ्या दिवशी अध्यक्षाने आम्हा दोघांना घरी बोलावले. घरापुढच्या छपरीत खुर्च्या मांडल्या होत्या. आणखी दोघे जण आधीच येऊन बसले होते. त्यांची ओळख करून दिली नाही आणि ते शेवटपर्यंत बोलले नाहीत. चहा आला, चिवडा आला.

"बाई, नाटक पक्कं आहे," अध्यक्ष म्हणाला. "फक्त एक बदल करा. तारेच्या जागी साप करा."

"काहून जी?"

"मंडई आहे. गावात पावणे येते, पोरी पाहाले लोकं येते. साप कुठंबी चावते. कोनाले लागत नाही."

"साप केला तं शेजारी कायले येतीन?" लेखिका म्हणाली. "सापाले कोनी लपवत नाही."

अध्यक्ष हसला. त्याला वाक्य आवडले होते असे दिसले. मग त्याने चिवड्याची बशी तिच्याकडे सरकवली. "तुमचं दुकान साकोलीत आहे न, झेरॉक्सचं? एकट्याच बसता म्हने. आमचे पोरं येत राह्यते तिकडं. सांगून ठेवतो, बाईची काळजी घेत जा म्हनून."

हे त्याने अतिशय मायेने सांगितले. बसलेल्या दोघांपैकी एकाने मान हलवली.

एक शब्द बदलला असता तर नाटक महिन्याभरात उभे राहणार होते. मंडप ठरला होता, भूमिका पाठ झाल्या होत्या. दुसरे कोणतेही गाव अजून पुढे आलेले नव्हते. हे सगळे तिला माझ्याइतकेच माहीत होते. तिने कप खाली ठेवला.

"नाही जी. आहे तसंच राहीन."

"मंग राहू द्या," अध्यक्ष म्हणाला. आवाज तसाच होता.

आम्ही पायीच फाट्याकडे निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान पिवळे पडत होते. एका बांधीच्या धुऱ्यावर खुंट्या ठोकलेल्या होत्या, गुडघ्याच्या खाली, नव्या लाकडाच्या, सारख्या अंतरावर. त्यांच्यावर तार नव्हती. ऊन होते, दुपार होती. लेखिकेने खुंट्यांकडे पाहिले आणि रस्त्याच्या मध्यातून चालू लागली. पुढे दुसऱ्या बांधीतही तशाच होत्या.

त्या मंडईला त्या गावाने एक जुने कौटुंबिक नाटक केले. शिपाई होणाऱ्या शेतकऱ्याला त्यात भूमिका नव्हती. टॉर्च विचारणाऱ्या बाईला मंडई होईपर्यंत तिच्या भावाच्या घरी, एकोडीला, नेऊन सोडले होते. "तिले बरं नव्हतं," असे अध्यक्षाने मला फोनवर सांगितले. मंडईनंतर ती परतली का, हे विचारायला मी पुन्हा फोन केला तेव्हा तो उचलला गेला नाही.

झेरॉक्सच्या दुकानात त्या हिवाळ्यात गिऱ्हाइके वाढली. दोघे-तिघे जण येत, आधार कार्डाची एखादी प्रत काढून घेत आणि बाकावर बसून राहत. "सगळं बरं आहे न, बाई?" असे विचारत. चहा मागवत, तिलाही देत. कोणी वावगा शब्द काढला नाही. पोलिसांत सांगण्यासारखे काही नव्हते, आणि मी बातमी करायची म्हटली असती तरी तिच्यात लिहिण्यासारखे काही नव्हते. लेखिकेने दुकान बंद ठेवले नाही. ते उठून गेल्यावर ती बाक पुसून काढत असे.

पुढच्या वर्षीच्या शिफारशीत मी ते नाटक पुन्हा सर्वांत वर ठेवले. एकच पडदा, एकच स्त्रीपात्र, गाणी नाहीत. शेवटी एक ओळ वाढवली: नाटकात बदल चालणार नाही.

या वेळी फोन अड्याळच्या पलीकडच्या एका गावातून आला. तिथला अध्यक्ष तरुण होता, कुठून तरी प्रत मिळवून, नाटक पूर्ण वाचून बोलत होता. "सर, तुमचं त्या गावात काय झालं ते ऐकलं. आमच्या गावात असं काही झालंच नाही. म्हनून आमाले कराले काही अडचण नाही. जसं आहे तसं करू."

हे कळल्यावर लेखिकेने नव्या प्रती काढल्या, स्वतः शिवल्या आणि बसने नेऊन दिल्या. परत आल्यावर तिने मला सांगितले की तिथला मंडप मोठा आहे, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज जाईल. त्या काळात ती दुकानात जरा मोठ्याने बोलू लागली होती.

वाचन झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या तरुण अध्यक्षाचा फोन आला.

"वाचन झालं, सर. पुढचं थोडं थांबू म्हनतो."

"काय झालं?"

"काही नाही. कापणी चालू आहे. मानसं भेटत नाही तालमीले."

"वाचताना कोणी भर घातली का?"

फोनवरचा हार्वेस्टरचा आवाज लांब गेला; तो चालत बाजूला आला असावा.

"एकानं घातली," तो म्हणाला. मग आवाज खाली आणून त्याने विचारले, "सर, नाटक लिवनाऱ्या बाईले हे कोनं सांगतलं?"

कोणीच नाही, असे मी उत्तर दिले. त्याने फोन ठेवला. नाटक अजून झालेले नाही.