फुकट

नाशिकजवळच्या शरणपूरची आम्ही ख्रिस्ती माणसं चर्चला देऊळच म्हणतो. ते देऊळ कुसाबाईनं सोळा वर्षं झाडलं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पगार देत नव्हतं. पेठच्या डोंगरातून आलेली ही विधवा. तिची तीन वर्षांची मैना तापाच्या साथीत गेली आणि पुढच्याच रविवारी बाईनं केरसुणी हाती घेतली. देवाचं घर झाडलं की तो आपल्याला मैनाशेजारी जागा देईल, अशी तिची समजूत. मला तो अडाणीपणा वाटे. मी तिथला नवा मास्तर, उपदेशही करायचो आणि चार पुस्तकं वाचून फुगलो होतो.

१९३४च्या उन्हाळ्यात देवळाच्या पायरीवरून पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं. भेटायला गेलो तर रडत होती.

“मास्तर, आता झाडू कशी? मैना भेटायची नाय मला.”

“मावशी, कामानं का कुणाला स्वर्ग मिळतो, तारण होतं?” मी ऐटीत म्हणालो. “ते फुकट आहे, फुकट!”

तिनं डोळे पुसले. समाधान झालं असं समजून मी निवांत घरी आलो.

चौथ्या दिवशी शेजारच्या गोजराबाईनं मला गाठलं. “मास्तर, काय बोलला म्हातारीला? अन्नाला शिवत नाय. भिंतीकडं तोंड करून पडलीय. म्हणती, सोळा वर्सं फुकट गेली.”

मी चरकलो. मी मोफत म्हणालो होतो, तिनं वाया ऐकलं होतं. मराठीत दोन्हीला हा एकच शब्द, आणि तो नेमका माझ्या तोंडी यावा! धावतच गेलो.

“मावशी, मैनानं किती दिवस देऊळ झाडलं?”

“ती काय झाडती? केरसुणी उचलत नव्हती तिला.”

“मग येशूकडे कशी गेली?”

“त्यानंच उचलली. लेकरू ते.”

“तुम्हालाही तसाच उचलेल. तुम्ही फक्त त्याच्यावर भार टाका. फुकट म्हणजे एवढंच.”

तिनं पेज मागितली.

“म्हंजी भेटंल?”

“भेटेल.”

“मास्तर, तीन दिस माझी मैना पुन्यांदा मेली व्हती.” ती रागावली नव्हती, नुसतं सांगत होती.

आठवड्यानं कुसाबाई शांतपणे गेली. उशाची केरसुणी तिनं आदल्या दिवशीच गोजराबाईला देऊन टाकली होती. मास्तरानं म्हातारीला धीर दिला, असं लोक म्हणाले. तिचे उरलेले दिवस दहा होते, आणि त्यांतले तीन मी नासवले.