आधी रगत, मग शाल

दूतबाईंना खोटं बोलता येत नसे, आणि आमच्या विश्वस्तांनी हॉस्पिटलच्या प्रचारासाठी नेमकी त्यांचीच निवड केली. वय वर्षं नऊ, मुक्काम येरमाळा, आजार थॅलेसेमिया. अंगात पुरेसं रक्त तयार होत नाही, म्हणून दर महिन्याला आईबरोबर एसटीने धाराशिवला यायचं आणि आमच्या मुलांच्या वॉर्डात रक्त चढवून घ्यायचं. विश्वस्तांनी त्यांच्या गळ्यात 'बालदूत' लिहिलेला पट्टा घातला, त्या दिवसापासून आम्ही सिस्टर लोक त्यांना अहोजाहो करू लागलो. पदाचा मान ठेवायला नको?

देणगीदारांच्या पहिल्याच मेळाव्यात त्यांना भाषण लिहून दिलं होतं. "इथली सुई मुळीच दुखत नाही," एवढं वाचून बाई थांबल्या. कागद खाली घेतला.

"हे मला लिहून दिलंय. सुई लई दुखती. पण ह्या सिस्टर आधी सांगतेत, फसवून टोचत न्हाइत."

बोट माझ्याकडे. विश्वस्तांनी कारलं चावल्यासारखं तोंड केलं. गंमत म्हणजे त्या दिवशी लोकांनी हात सैल सोडला. सुईबद्दल खरं बोलणारी पोर बाकीचंही खरंच बोलत असणार, असं त्यांना वाटलं असावं.

वॉर्डात मात्र त्या माझ्या वरिष्ठ होत्या. नवं पोर दाखल झालं की पट्टा सरळ करून त्याच्या खाटेशी जायच्या. "रडायचं असंल तर आत्ता रड. सुई आत गेल्यावर हलायचं न्हाय." पोरं ऐकायची. माझं कुणी ऐकत नसे.

उन्हाळा आमच्याकडे वाईट. कॉलेजं बंद, रक्तदान शिबिरं बंद, रक्तपेढी रिकामी. अशाच एका मे महिन्यात दूतबाई रक्ताची वाट बघत वॉर्डात पडून होत्या. ओठ पांढरे, जिना चढताना धाप. आणि खाली मांडवात हॉस्पिटलचा वर्धापनदिन. आपल्याकडे सत्काराशिवाय कार्यक्रम सुरू होत नाही आणि सत्कार संपेपर्यंत कार्यक्रम उरत नाही. शाल-नारळाचं तबक धरायला बालदूतच हवी, असा वरून निरोप आला. मी नको म्हणत होते. बाई स्वतःच उठल्या.

पहिला मान एका बाजार समितीच्या सभापतींचा. विश्वस्तांनी शालीला हात घातला, तर बाईंनी तबक मागे ओढलं.

"सायेब, आधी रगत द्या. मग शाल."

विश्वस्त हसण्याचा प्रयत्न करत होते. सभापती त्या पांढऱ्या ओठांकडे बघत राहिले, मग बाही सरसावत म्हणाले, "कुठं झोपायचं, दाखव."

नेताच खाटेवर आडवा झाल्यावर कार्यकर्ते उभे कसे राहणार? रांग लागली. सगळ्या तपासण्या होऊन दुसऱ्या दिवशी दूतबाईंना रक्त चढलं. त्यांच्या ओठांवर रंग आला तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

तेव्हापासून आमच्याकडे तोच नियम झाला. रक्त दिल्याशिवाय सत्कार नाही. काही पाहुण्यांना नेमका त्याच आठवड्यात बीपीचा त्रास सुरू व्हायचा. सभापती पुढे माजी सभापती झाले, पण दर उन्हाळ्यात न चुकता आले.

यंदा दूतबाईंना अठरा पूर्ण झाली. आता मोठ्यांच्या दवाखान्यात जायचं. निरोपाच्या दिवशी विश्वस्तांनी स्वतः शाल उलगडली. बाई दोन पावलं मागे सरकल्या.

"सर, माझं रगत तर कुणीच घेत न्हाय. मग शाल कशी चालंल?"

विश्वस्त शाल धरून तसेच उभे. शेवटी माजी सभापती उठले. त्याच सकाळी रक्त देऊन मिळालेली शाल त्यांच्या खांद्यावर होती. ती काढून त्यांनी तिच्या अंगावर घातली.

"ही माझी हाय. म्या नियमानं मिळवली. आता कुणाला द्यायची ते म्या बघंन."

बाईंनी शालीचं टोक नाकाशी नेलं. "सायेब, घामाचा वास येतोय."

सगळे हसले. मला हसू येईना. नऊ वर्षं ज्या हाताला सुया टोचल्या, तोच हात धरून मी रडत होते.

तिला येरमाळ्याच्या गाडीत बसवायला स्टँडवर गेले. मे महिन्यातलं दुपारचं ऊन, गाडी खचाखच भरलेली, माणसं पदराने, टोपीने वारा घेत होती. गाडी हलली तरी तिने अंगावरची शाल काढली नव्हती.