पुढं विचारा

फोटो दाखवण्याआधी ते तो शर्टाच्या बाहीला हलकेच पुसायचे, कडांना धरून आपल्यापुढे करायचे आणि आपण काही म्हणायच्या आत सांगून टाकायचे, "पुढं विचारा म्हणाले."

पहिल्यांदा ऐकणाऱ्याला त्यातलं काही कळायचं नाही. फोटोत कच्छच्या रणातला उंटवाला असायचा, नाहीतर बस्तरच्या जंगलातली मोळी घेतलेली बाई. प्रत्येकाच्या एका हातात एक लहानसा फोटो, आणि दुसरा हात लांब कुठेतरी केलेला. माणसं निराळी, डोंगर निराळे. हातातला फोटो मात्र नेहमी तोच.

ते आमच्या समोरच्या दवाखान्यात कंपौंडर होते. मंगळवार पेठेत त्यांना सगळे कंपौंडरच म्हणत. दर मे महिन्यात डॉक्टर महिनाभर गावाला जात, दवाखाना बंद राही, आणि हे एकटेच कॅमेरा घेऊन बाहेर पडत. तीर्थयात्रेला नव्हे. जिथे रस्ता संपतो तिथे. परत आले की औषधांच्या खोलीचं दार लावून फोटो धूत. धुण्याचं पाणी औषधाच्याच बाटल्यांत भरलेलं असे, त्यांवर डोसाच्या कागदी पट्ट्याही तशाच. आमच्या शेजारचे वकील सांगायचे, "मला चुकून त्यातलंच दिलं यांनी. ताप उतरला नाही, पण चेहरा उजळला."

निघायच्या दिवशी गल्लीत कुणीतरी हटकायचंच. "काय कंपौंडर, यंदा वाघाला खोकल्याचं औषध पाजायचं काय?"

"पाजू की. बाटली मात्र त्यानं आणायची."

माझी त्यांची ओळख अर्जांमुळे झाली. मी कॉन्व्हेंटात शिकलेली. माणसांशी बोलायचं म्हटलं की मी दाराआड व्हायची, पण इंग्रजी अर्ज बरा लिहायची. जंगलातल्या सरकारी बंगल्यांत उतरायचं तर साहेबाला अर्ज लागे. म्हणून वडिलांनी मला त्यांच्याकडे पाठवलं. औषधं द्यायच्या खिडकीपाशी मी उभी राहायची, ते आतून गावाचं नाव सांगायचे. दोघेही एकमेकांकडे बघायचो नाही. त्यामुळे आमचं छान जमलं.

फोटो ते फार चांगले काढत असं नाही. सूर्य पाठीशी ठेवायचा, एवढा एकच नियम त्यांनी पक्का धरला होता. त्यामुळे प्रत्येक फोटोत खालच्या बाजूला त्यांची सावली पडायची: टोपी, खांद्याची पिशवी, बाहेर आलेलं कोपर. बर्फावर सावली, वाळूवर सावली, कुणाच्या तरी पायांवर सावली. "हे आधी स्वतःलाच काढतात," असं वकील म्हणत.

आता त्या हातातल्या फोटोविषयी सांगते.

गडमुडशिंगीहून एक मावशी आमच्या गल्लीत दूध घालायला यायची. दवाखान्यात डॉक्टरांच्या चहाचं दूधही तिचंच. तिचा एकुलता एक मुलगा महायुद्धात पलटणीत भरती झाला होता. सुट्टी संपवून परत जाताना तो आईबरोबर गल्लीत आला. कंपौंडरांनी त्याच आठवड्यात डबा कॅमेरा विकत घेतला होता. त्यांनी त्याला दवाखान्याच्या पायरीवर उभं केलं, हलू नकोस म्हणून बजावलं, आणि पोरगा फारच ताठ झाला म्हणून खटका दाबता दाबता स्वतःच म्हणाले, "अरे, दूध सांडलं बघ." पोरगा हसून वळला.

फोटोत गणवेश स्वच्छ आला. बटणं मोजता येतील इतका. चेहरा तेवढा वाहून गेला, वाऱ्यानं पाणी हलावं तसा.

पलटण ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर गेली. मग सरकारी कागद आला. त्यात मेला असं नव्हतं, सापडत नाही असं होतं. लढाई संपली, आजूबाजूच्या गावांतली पोरं घरी आली, आणि मावशी तो फोटो घेऊन दवाखान्याच्या खिडकीत उभी राहिली.

"दादा, तुमी लांब लांब जातासा. ह्यो दावा की मानसास्नी."

"मावशी, तो गेला पूर्वेला. मी चाललोय कच्छला."

"मग? त्येला पाय हायत की. चालत असंल. दुनिया म्हंजे काय, आठवड्याचा बाजार. फिरत ऱ्हायलं की गावतंय मानूस."

ते घेऊन गेले. दाखवला. ज्याला दाखवला त्याचा फोटो काढून आणला, विचारलं याचा पुरावा म्हणून. मावशीनं पदराला हात पुसून तो हातात घेतला.

"काय म्हनाला ह्यो उंटवाला?"

"पुढं विचारा म्हणाले."

"व्हय," ती म्हणाली. जणू चांगलंच उत्तर आलं होतं.

मग दरवर्षीचं तेच झालं. गंमत म्हणा की भीती, त्या फोटोतला चेहरा कुणाचाच नसल्यामुळे तो सगळ्यांच्या ओळखीचा निघायचा. एका धनगराला तो आपला भाचा वाटला होता. एका बाईनं म्हणे तो छातीशी धरला, आणि परत द्यायला तयारच होईना. मावशीला हे सगळं ऐकायला आवडे. माझ्या अंगावर काटा यायचा. औषधांच्या खोलीत दोरीवर फोटो वाळत असत, इतक्या अनोळखी हातांमध्ये तो एकच वाहून गेलेला चेहरा. त्यातच हाताळून हाताळून मूळ फोटो झिजत चालला होता. दर वर्षी त्यातला पोरगा थोडा कमी व्हायचा.

अर्ज मीच लिहीत असल्यानं एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. उत्तर झालं, पश्चिम झाली, दक्षिणेची जंगलं झाली. पूर्वेचा अर्ज त्यांनी कधी लिहायला सांगितला नाही. एकदा धीर करून मी विचारलं, "काका, तुम्ही मणिपूरकडे का जात नाही?"

ते बाटलीला डोसाची पट्टी चिकटवत होते. ती त्यांनी अंगठ्यानं नीट दाबली.

"तिथं विचारलं, ताई, तर मग पुढं विचारायला जागा राहत नाही."

मावशीलाही हे ठाऊक होतं असं मला वाटतं. तीही कधी पूर्वेचं नाव काढत नसे. मग तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागले. मापातलं दूध बाहेर सांडायला लागलं. एका सकाळी ती खिडकीशी येऊन म्हणाली, "दादा, आता तिकडंच जावा. मला दिसतंय तवर काय ते कळू दे."

त्या वर्षी मी पूर्वेचा अर्ज लिहिला.

ते परत आले त्या दिवशी मी खिडकीपाशीच होते. मावशी आली, घागर खाली ठेवली.

"आलासा?"

"आलो."

"इचारलंसा?"

"विचारलं."

"काय म्हनाली मानसं?"

"पुढं विचारा म्हणाले."

तिनं हात पुढे केला. दर वर्षी त्या हातात नवा फोटो यायचा. ते म्हणाले, "फिल्म खराब झाली, मावशी."

तिनं हात मागे घेऊन पदराला पुसला. मग विचारलं, "तितनं पुढं काय हाय?"

"डोंगर."

"आनि त्येच्या पुढं?"

"डोंगरच."

तिनं दूध मोजलं, वर थोडं जास्त घातलं, घागर उचलली. "औंदा त्येचा म्हाळ घालती. जेवाय या. फोटू तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या. तुमीच काढल्यालाय."

पितृपंधरवड्यात तिनं पोराच्या नावाचं पान वाढलं. जेवायला हे गेले नाहीत. त्या दिवशी खिडकी बंद होती.

पुढे कधीतरी त्यांनी होऊन मला सांगितलं. तिकडे एका टेकडीखाली एक म्हातारा चहा विकत होता. लढाई त्याच्या दारात झाली होती. यांनी फोटो दिला. म्हाताऱ्यानं तो बराच वेळ पाहिला.

"त्यानं ओळखलं?" मी विचारलं.

"त्या फोटोवरून कोण ओळखणार, ताई? त्यानं हात केला नाही, एवढंच. नेहमी माणसं पुढच्या रस्त्याकडे हात करतात. त्यानं दोन्ही हातांनी फोटो मला परत दिला आणि चहाचे पैसे घेतले नाहीत. मग कॅमेरा उघडायचं धाडस झालं नाही."

मला वाटलं, संपलं. मावशीनं सोडलं, आता यांनाही सुटका. पण मे महिना जवळ आला तसे ते पुन्हा खिडकीतून गावाचं नाव सांगू लागले, रोहतांगच्या पलीकडलं. पिशवीत तोच फोटो होता. आता त्यात गणवेश उरला होता आणि वर एक पांढरा डाग.

"काका, मावशींनी म्हाळसुद्धा घातला."

"त्यांनी घातला," ते म्हणाले. "मी सांगितलं होतं हलू नकोस. आणि मीच त्याला हलवला."

त्यानंतरही ते दोन-तीन वर्षं जात राहिले. आणलेले फोटो मावशीला दाखवत नसत. मला दाखवायचे, बाहीला पुसून. शेवटच्या खेपेला त्यांनी कुलूहून एक रीळ डॉक्टरांच्या नावे टपालानं पाठवलं. पाठोपाठ ते येतील म्हणून दवाखाना उघडायचा थांबला होता. ते आले नाहीत. डॉक्टरांनी तिकडच्या पोलिसांना लिहिलं. असा माणूस खिंड ओलांडून गेला, एवढंच उत्तर आलं. दिवाळीनंतर नवा कंपौंडर ठेवला. तो फार बोलका होता.

रीळ स्टुडिओत धुऊन आणलं. बहुतेक काळं झालं होतं, एकच फोटो निघाला. दगडांच्या उतारावर एक मेंढपाळ, हातात पांढरा डाग पडलेला तो फोटो, दुसरा हात वर बर्फाकडे केलेला.

मावशी आता पुतणीच्या खांद्याला धरून गल्लीत यायची. तिनं मलाच गाठलं. "कंपौंडरदादाचा फोटू हाय का ग कुनाकडं? मानसास्नी दावायला पायजे की."

कुणाकडेच नव्हता. इतकी वर्षं गल्लीत एकच कॅमेरा होता, आणि तो त्यांच्या हातात. मी तो मेंढपाळाचा फोटो आणला आणि तिचं बोट धरून खालच्या बाजूला ठेवलं. टोपी, पिशवी, कोपर.

"हेच का ग?"

"हेच."

तिनं फोटो डोळ्यांना लागेल इतका जवळ नेला.

"हलल्यालं न्हाईत," ती म्हणाली, आणि फोटो पदराच्या गाठीत बांधला.

काही दिवसांनी मला ती एसटी स्टँडवर दिसली. मी नेहमीसारखी लांबच उभी राहिले. लांब पल्ल्याच्या एका गाडीच्या ड्रायव्हरला तिनं थांबवलं होतं, आणि तो फोटोवर वाकून बघत होता.

"म्हातारे, ह्यो तर मेंढका हाय. तुजा मानूस कुठाय ह्यात?"

"खाली बघ की. सावली हाय न्हवं."

त्यानं पुन्हा वाकून पाहिलं. आजूबाजूची माणसं हसली, तो हसला नाही. मग त्यानं फोटो तिच्या हातात दिला, आणि रस्त्याकडे, गाडी जाणार होती तिकडे, हात केला.