वर्ग पाच, गुरुवारी सहा वाजता

गॅरेजात त्याला सगळे हातोडा म्हणत. चेपलेला गाडीचा दरवाजा तो आतून असा ठोकून काढायचा, की वरून हात फिरवला तरी पोचा लागायचा नाही. कामात वाघ होता. पण दुपारच्या जेवणाआधीच बाटली उघडायची, आणि मग पत्रा कुठला नि माणूस कुठला, हे त्याला कळेनासं व्हायचं.

गॅरेजातल्या रंगाऱ्याने एकदा त्याची बाटली थिनरच्या डब्यांमागे लपवली. हातोड्याने अशी कानशिलात लगावली, की रंगारी भिंतीवर आदळला आणि त्याच्या डाव्या कानातून रक्त आलं. दुसऱ्या दिवसापासून तो कामावर आलाच नाही. "कानाखाली वाजवली की माणूस नीट ऐकतो," असं हातोडा कित्येक दिवस हसत सांगायचा.

घरीही तेच. एका रविवारी भरदुपारी बायकोने बाटली मोरीत ओतली. त्याने तिचा हात दाराच्या फटीत घातला आणि दार ओढलं. दोन बोटं मोडल्याचा आवाज त्याने स्वतः ऐकला. बायको ओरडली नाही. दुसऱ्या हाताने तिने ओट्यावरचा रिकामा कुकर उचलला आणि त्याच्या कपाळात घातला.

इस्पितळात दोघं एकाच बाकावर बसले. तिचा हात टॉवेलात गुंडाळलेला, त्याच्या तोंडावर रक्ताचे ओघळ.

"कुणी कुणाला मारलं?" नर्सने विचारलं.

"आधी यांनी मला, मग मी यांना," बायको म्हणाली. "पंधरा वर्षांत पहिल्यांदाच. जरा उशीरच झाला."

टाके घालून झाल्यावर नर्सने त्याच्या हातात चिठ्ठी ठेवली. दारू सोडणाऱ्यांची बैठक, जुनी शाळा, वर्ग पाच, गुरुवारी संध्याकाळी सहा. त्याने चिठ्ठी चुरगाळून फेकली. बायकोने ती उचलून त्याच्या खिशात कोंबली.

"मी मुलीला घेऊन ताईकडे चाललेय. त्या बैठकीला गेल्याशिवाय माझ्या दारात यायचं नाही. आलात तर या वेळी कुकर भरलेला असेल."

तो गेलाच. पिऊन मेहुणीच्या दारावर लाथा घातल्या. फळी फुटली आणि आतून अकरा वर्षांच्या लेकीची किंकाळी ऐकू आली. "बाबा आले!" चोर आला म्हणून ओरडावं तशी. तो तिथून जो पळाला तो थेट घरी येऊन पडला. त्या गुरुवारी तो शाळेत गेला.

मुलांच्या ठेंगण्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन आठजण बसले होते. पुढे मास्तरांच्या खुर्चीवर होता रंगारी.

"या उस्ताद," रंगारी म्हणाला. "माझ्या उजवीकडे बसा. डावीकडचं मला ऐकू येत नाही."

आपलं नाक कापायलाच इथे बोलावलंय, असं हातोड्याला वाटलं. त्याने बाक उचलून फळ्यावर भिरकावला, रंगाऱ्याची कॉलर धरली, तोंडावर ठोसा हाणला. चौघांनी मिळून त्याला आडवा पाडला. एक निवृत्त बस ड्रायव्हर त्याच्या छातीवरच बसला.

रंगाऱ्याने फुटलेला ओठ पुसला. "उस्ताद, मी तुमची बाटली तुमच्या भल्यासाठी नव्हती लपवली. मलाच हवी होती. आणि त्याच सकाळी मी माझ्या आईला जिन्यावरून ढकलून आलो होतो. ती अजून कुबडी घेऊन चालते."



"म्हणजे तू मला माफ केलंस?" हातोड्याने खालूनच विचारलं.

"छे! अजिबात नाही. पण पुढच्या गुरुवारी या."

तो येत राहिला. तिसऱ्या आठवड्यात पुन्हा प्यायला, घरातला आरसा फोडून रक्ताळलेल्या मुठींनी बैठकीला आला. ड्रायव्हरने त्याला इस्पितळात भरती केलं. चार दिवस अंग थडथड कापत होतं, भिंतीवर माणसं दिसत होती. त्यानंतर मात्र थेंब नाही.

पाच महिन्यांनी घरच्यांना बोलावलेली बैठक झाली. बायको शेवटच्या बाकावर बसली. हातोड्याने उभं राहून एकेक सांगितलं. रंगाऱ्याचा कान, बायकोची बोटं, मेहुणीचं दार. "एवढंच," तो म्हणाला.

"एक राहिलं," बायको उठली. "मुलगी सहा वर्षांची होती. तिने तुमचा ग्लास सांडला. तुम्ही तिचं डोकं बादलीत दाबून धरलंत. मी तुमच्या दंडाला कडकडून चावले, तेव्हा सोडलंत."

त्याला काहीच आठवेना. दंडावर वण होता. कुत्रा चावला, असं तो सगळ्यांना सांगत आला होता, आणि त्याला ते खरंच वाटत होतं.

तो बाहेर धावला, थेट गुत्त्याच्या दिशेने. रंगारी आडवा आला. हातोड्याने मूठ उगारली.

"मारा. एक कान शिल्लक आहे," रंगारी म्हणाला. "पण मग आत चला."

मूठ खाली आली. भिंतीला धरून तो भडाभडा ओकला, आणि तोंड पुसून आत गेला.

याला चार वर्षं झाली. दीड वर्षाने बायको परत आली, तेही आपल्या खोलीला आतून कडी बसवून घेऊन. मुलगी अजून कामापुरतंच बोलते. एकदा बैठकीत त्याने याची कुरकुर केली, तेव्हा ड्रायव्हर खेकसला, "तिचा हक्क आहे तो. तू वाट बघ."

तो बघतोय.