वर्ल्ड कप झाला की जातो

हातमागाच्या खोलीत सकाळी कितीही झाडून काढा, संध्याकाळपर्यंत कोपऱ्यात कापसाचा पुंजका जमतोच. कुणी मुद्दाम आणून टाकत नाही. विणता विणता जमतो. किश्श्यांचं तसंच हाय बघा. आम्ही आपले शहापुरात शांताक्काच्या हॉटेलात चहा प्यायला बसतो, किस्से गोळा करायला कोण बसतंय? तरी चोवीस सालाचे एवढे साठलेत, की झाडून टाकायचं मन होत नाही.

हॉटेल म्हणजे काय, दोन बाकडी, एक स्टोव्ह आणि वर भिंतीला टीव्ही. बसणारे ठरलेले. मी, ताणा करणारा, म्हणजे मागावरचे उभे धागे लावून देणारा, मला सगळे तात्या म्हणतात. दुसरा बाळू, मूळचा निपाणीचा, बिडी-तंबाखूच्या गावचा, इथं लग्न करून इथलाच झाला. आमच्यात पेपर मोठ्यानं वाचायचं काम त्याचं. आणि तिसरा परसू अण्णा. आमच्या गल्लीत हातमागावर साडी विणणारा आता तो एकटाच राहिलाय.

चोवीसच्या आदल्या वर्षी अण्णाची बायको, आमच्या वहिनी, गेल्या. अण्णा घरात एकटा. पोरगा संजू पुण्यात नोकरीला. उन्हाळ्यात तो आला आणि आमच्या देखतच म्हणाला, "आप्पा, आता पुण्याला चला. हितं चक्कर येऊन पडलासा तर कोण बघणार?"

अण्णानं बशीतला चहा संपवला. म्हणाला, "येतो की रं. वर्ल्ड कप तेवढा होऊ दे."

सगळं सुरू झालं ते इथनं!

*

त्या वर्ल्ड कपची फायनल अण्णानं मागावर बसून ऐकली. मोबाईल खिडकीत ठेवला, इकडं कॉमेंट्री चालू, इकडं आडव्या धाग्याचा धोटा चालू. हातमागावर कापड कसं होतंय हे विणणाऱ्याच्या हातावर असतं. ठोका जोरात बसला की कापड घट्ट, हात ढिला पडला की सैल.

साडी घेऊन अण्णा पेठेतल्या व्यापाऱ्याकडं गेला. मी सोबत होतो. व्यापाऱ्यानं साडी उजेडात धरली आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"अण्णा, हितं एवढं घट्ट कसं?"

"तिथं आपल्या तीन विकेट गेलत्या. सुरवातीलाच."

"आणि हितं सैल?"

"तिथं त्यांची पोरं लई मारायला लागलीती. म्हटलं, गेली मॅच. हातातली ताकदच गेली."

व्यापाऱ्यानं साडी आणखी पुढं सरकवली. "आणि हितं? हितं तर ठोकाच न्हाय! आरपार दिसतंय!"

अण्णा म्हणाला, "मालक, तिथं तो बॉन्ड्रीवरचा कॅच हाय. तुमचा हात चाललाता व्हय त्या टायमाला?"

व्यापाऱ्यानं साडी खाली ठेवली. मग म्हणाला, "न्हाय बा. माझा बी चहा सांडलाता." पण साडी काही घेतली नाही त्यानं.

ती शांताक्कानं घेतली. म्हणाली, "वर्ल्ड कप नेसायला कुणाला मिळतंय!"

*

वर्ल्ड कप झाला. आठवड्यात संजूचा फोन. अण्णानं फोन कानाला लावला आणि आमच्याकडं बघायला लागला. बाळू पेपर चाळत होता. त्यानं नुसतं पान वर करून दाखवलं. पाच रिंगा!

"अरं, ऑलिंपिक हाय की," अण्णा म्हणाला. "चार वर्सातनं एकदा येतंय. ते झालं की जातो."

आता ऑलिंपिकमधलं आम्हाला काय कळतंय? कुस्ती आणि पळणं सोडलं तर सगळं नवीन. पण टीव्ही लावला की लावला. एकदा पिस्तूल मारायचा खेळ लागला. बाकीचे डोळ्याला काय काय लावून, कान झाकून उभे. आणि एक बाबा आला तो साधा टी-शर्ट घालून. एक हात खिशात, दुसऱ्या हातानं धाडकन नेम!

शांताक्का म्हणाली, "अय्यो, खिशात हात कशाला घातलाय ओ ह्यानं?"

अण्णा म्हणाला, "निपाणीचा असणार. काडेपेटी हाय का न्हाय ते चाचपतोय."

बाळूनं हातातली बिडी हळूच बाकड्याखाली विझवली.

*

त्याच ऑलिंपिकात आपली कुस्तीची पोरगी फायनलला गेली. आम्ही पेढे सांगून ठेवलेले. दुसऱ्या दिवशी बातमी आली, शंभर ग्रॅम वजन जास्त भरलं म्हणून काढून टाकलं.

 बाळूनं पेपर घडी घालून त्याच्यावर हात ठेवला.

शेवटी शांताक्कानं डब्यातली साखर काढली आणि तराजूत घातली. शंभर ग्रॅम मापलं. पारडं आमच्या पुढं आणून ठेवलं. एवढीशी साखर! आम्ही सगळे त्या साखरेकडं बघत बसलो. बाजूच्या पॉवरलूमचा खडखडाट तेवढा चालू.

अण्णा म्हणाला, "पोरीनं रात्रभर घाम गाळला म्हणं. केसं बी कापली."

शांताक्कानं ती सगळी साखर चहाच्या पातेल्यात ओतली आणि आमच्या पुढं कप ठेवले. चहा कसला, पाकच तो! अण्णाला शुगर. डॉक्टरनं गोड बंद केलेलं. मी म्हटलं, "अण्णा, तू नको."

"गप रं तात्या," अण्णा म्हणाला. "तिला जड झालं ते वाटून घेऊया."

कप त्यानं तळापर्यंत रिकामा केला.

*

ऑलिंपिक संपलं. आता आली का पंचाईत! बाळू रोज पेपर उघडला की आधी शेवटचं पान. गणपती झाले आणि त्याला घबाड सापडलं. बुद्धिबळाचं बी ऑलिंपिक असतंय! आपली पोरं जिंकली, पोरी बी जिंकल्या, दोन्ही सोनं!

संजू फोनवर म्हणाला, "आप्पा, तुम्हाला बुद्धिबळ कवा कळायला लागलं?"

"शिकतोय," अण्णा म्हणाला. "अर्ध्यात सोडून कसं यायचं?"

खरंच शिकायला लागला की! शांताक्कानं पट आणला. अण्णाचा घोडा अडीच घरं सोडून कुठंही जायचा. बाळू ओरडायचा, "अण्णा, घोडा सरळ जात न्हाय!" अण्णा म्हणायचा, "टांग्याचा असंल त्यो. टांग्याचा घोडा सरळच जातोय."

दिवाळीला संजू आला, तेव्हा त्यानं बाळूलाच धरलं. "काका, खरं सांगा. आता काय ऱ्हायलंय?"

बाळू गडबडला. "आता... आता इटी-दांडूचा वर्ल्ड कप हाय."

संजूनं मोबाईल काढला, बघितलं आणि परत खिशात ठेवला. "काका, असलं काय न्हाय."

"मग बुद्धिबळाचं हाय," बाळू म्हणाला. "एकास एक. जगात एक नंबर कोण ते ठरणार." हे मात्र खरं निघालं, आणि अण्णाला आणखी महिनाभर मिळाला.

*

ती मॅच तर लईच लांबली. आज बरोबरी, उद्या बरोबरी. बाळू कंटाळून झोपायचा. अण्णा मात्र टीव्हीसमोर टक लावून.

मी विचारलं, "अण्णा, काय दिसतंय रं तुला त्याच्यात?"

तो म्हणाला, "बघ की तात्या. दोघं समोरासमोर बसल्यात. दिवस गेला तरी कोण कुणाला ऊठ म्हणत न्हाय."

मग मीही त्याच्या शेजारी बसून बघायला लागलो.

शेवटी आपलं अठरा वर्षांचं पोरगं जिंकलं. पटासमोरच रडलं. अण्णाही रडला. आम्हाला वाटलं, आनंदानं.

*

त्यानंतर अण्णानं मागावरची साडी पुरी केली, कापून काढली आणि माझ्याकडं नवीन ताणा काही सांगितला नाही. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मी विचारलं, तर म्हणाला, "पोरगं किती दिवस वाट बघणार, तात्या?"

संजू गाडी घेऊन आला. आमच्या गल्लीत गाडी शिरत नाही, म्हणून कोपऱ्यावर लावली. अण्णाची बॅग डिकीत गेली. घराला कुलूप लागलं. निघता निघता सगळे शांताक्काकडं टेकलो. तिनं चहा केला, पण कुणाचा कप उचलेना. अण्णा नवीन पांढरा शर्ट घालून पाहुण्यासारखा बाकड्याच्या कडेला बसलेला.

बाळू पेपर वाचत होता. म्हणजे तोंडापुढं धरून बसला होता. मधेच म्हणाला, "अण्णा... खो-खोचा वर्ल्ड कप हाय म्हणं. दिल्लीत. पुढच्या म्हैन्यात."

अण्णानं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. "पुरं कर बाळ्या. पोराला किती फसवायचं?"

"आईशप्पत! हितं छापलंय!"

"इटी-दांडूचं बी तू असंच सांगितलंतास."

बाळूनं पेपर माझ्यापुढं धरला. मी शाळेचं तोंड बघितलेलं नाही, मी काय वाचणार? शांताक्कानं पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे ओ बाळू. जाऊ दे त्यास्नी."

संजूनं मोबाईल काढला. बघितलं. बराच वेळ बघत बसला. बोटानं वर-खाली करत राहिला.

"आप्पा," तो म्हणाला, "हाय. खरंच हाय. पयल्यांदाच होणार हाय."

"खो-खोचा? जगाचा?"

"व्हय. लई देश येणार हायत."

अण्णा हळूहळू त्याच्याकडं वळला. "म्हंजी गोरी माणसं बी रांगेनं उकिडवी बसणार?"

"बसणार की."

"आणि पाठीवर थाप मारून खो म्हणणार?"

"म्हणणार."

 अण्णानं कप उचलला, चहाचा एक घोट घेतला. तोंडावर मात्र काही दाखवलं नाही.  थांब म्हणायचा हक्क आता आम्हाला नव्हता, एकदा खोटं सांगून बसलो होतो.

संजू उठला आणि कोपऱ्यावरच्या गाडीकडं गेला. डिकी उघडल्याचा आवाज आला. तो परत आला तेव्हा बॅग त्याच्या हातात होती. ती त्यानं अण्णाच्या पायाशी ठेवली, बाकड्यावर बसला, आपला गार झालेला चहा एका दमात प्याला आणि म्हणाला,

"बाळूकाका, खो-खोच्या पुढचं काय हाय, ते आत्ताच बघून ठेवा."