अडकित्त्याखालचा करार

माझ्या वसतिगृहातल्या टेबलावर एक जुना अडकित्ता आहे, त्याला अजून सुपारीचा वास येतो. तो माझ्या चुलतीचा. एलएलएमला नैसर्गिक साधनसंपत्ती आणि आंतरराष्ट्रीय व्यापार कायदा घेऊन मी पहिल्यांदाच सुट्टीला नळदुर्गजवळच्या आमच्या गावी आले, तेव्हा एका परदेशी पवनचक्की कंपनीचे साहेब चुलतीच्या माळाचा भाडेकरार घेऊन ओसरीवर बसले होते. तिची जमीन तेवढीच. वाऱ्यानं कराराची पानं उडत होती, म्हणून तिनं त्यांवर हा अडकित्ता ठेवला आणि म्हणाली, "वाच गं, आपल्या भाषेत सांग." मी सांगत गेले. एका कलमापाशी थबकले. वाद झाला तर निवाडा सिंगापूरला, असं तिथं होतं. पुस्तकांत असं कलम नेहमीचंच, शिवाय साहेबांसमोर अडायची लाज वाटली, म्हणून मी पान उलटलं. चुलतीला अक्षरओळख नव्हती. "तिथं थांबलीस तू," ती म्हणाली. "काय लिवलंय?" सांगावंच लागलं. तिनं अडकित्ता उचलून सावकाश सुपारी कातरली. "साहेब, बांधाचं भांडण आमच्यात बांधावर बसूनच मिटवतेत. वारं आमच्या माळावरचं अन् पंच सिंगापूरला? तिथवर यष्टी जाती व्हय?" साहेब हसले. ती हसली नाही, अंगठाही दिला नाही. पंधरवड्यानं ते कलम बदलून आलं, निवाडा आमच्याच जिल्ह्यात, धाराशिवला. मी परत निघताना तिनं अडकित्ता माझ्या पिशवीत टाकला, "तुझ्याकडं कागद लई असतेत." आता करार वाचताना नजर जिथून घाईनं पुढं सरकू बघते, तिथं मी तो ठेवते आणि पुन्हा वाचते.